हाय खाल्ली, म्हणजे नेमके काय झाले?

मराठीत ‘हाय खाणे’ असा एक वाक्प्रचार आहे. लहानपणी तो मी घरातल्या बायकांच्या तोंडी कितीतरी वेळा ऐकला. कुणाचा कर्ता मुलगा गेला, कुणाची नोकरी सुटली, कुणाचे घर कोर्टकज्ज्यात गेले, की त्या माणसाने ‘हाय खाल्ली’ असे म्हणत. त्यापुढचे वाक्यही बहुधा ठरलेले असे, ‘मग काय, वर्षभरात आटोपलेच!’ ही हाय म्हणजे काय, ती खाल्ल्याने माणूस मरतो कसा, असे प्रश्न तेव्हा मला पडले नाहीत. ते पडले १९९४ च्या मे महिन्यात, नेपानगरला.

नेपानगर हे नाव गोव्यात फारसे कुणाला ठाऊक नसेल. भुसावळहून खांडव्याकडे जाताना बऱ्हाणपूरच्या पुढे हे स्टेशन लागते. १९४७ साली इथे वर्तमानपत्राच्या कागदाचा कारखाना काढायचे ठरले. खाजगी मंडळींना तो झेपेना, तेव्हा १९४९ मध्ये त्या वेळच्या मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने तो हाती घेतला आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. सातपुड्यातले सालईचे लाकूड आणि बांबू यांच्या लगद्यापासून इथे कागद होई. पुढची पंचवीस वर्षे वर्तमानपत्री कागद करणारा देशातला हा एकमेव कारखाना होता. गाव त्याच्याभोवतीच वसले. माझ्या मावशीचे यजमान याच कारखान्यात पेपर मशीनवर होते. मूळचे रावेरचे. आम्ही भावंडे त्यांना अण्णा म्हणायचो.

कोकण रेल्वे तेव्हा व्हायची होती. कदंबाच्या बसने मुंबई, तिथून रेल्वेने भुसावळ, बऱ्हाणपूर आणि मग नेपानगर, असा तो प्रवास. आधीच्या खेपेला अण्णा स्टेशनवर घ्यायला आले होते. रोज सकाळी वर्तमानपत्र आले की बातमी वाचण्याआधी ते पानाचा कोपरा दोन बोटांत चोळून पाहत, नाकाशी नेत आणि म्हणत, ‘आमचाच आहे!’ खरोखर कुठल्या गिरणीचा असे कोण जाणे. पण त्यांचा दिवस त्या वाक्याने सुरू होई.

१९९४ च्या फेब्रुवारीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यातून ते वाचले. मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा ते घरी होते, हिंडूफिरू शकत होते. पण स्टेशनवर ते आले नाहीत. दिवसभर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत. वर्तमानपत्र समोर घडी न मोडता पडलेले असे. जेवायला हाक मारली की उठत, चार घास खात, परत येऊन बसत. ‘अशक्तपणा आहे, येईल हळूहळू उभारी,’ असे सगळे म्हणत. उभारी आली नाही. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर दुसरा झटका आला आणि अण्णा गेले. मावशी एवढेच म्हणाली, ‘पहिल्या झटक्याने नाही गेले रे. त्यांनी हाय खाल्ली होती.’

तीस वर्षांनी हे सगळे आठवायचे कारण म्हणजे, गेल्या वर्षी माझ्याही छातीत एक स्टेंट बसला. त्याविषयी पुढे सांगतो. मी काही डॉक्टर नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि सरकारी कारकून. पण फाईलीत मागची पाने चाळायची सवय असल्याने या ‘हाय’चीही मागची पाने चाळली, आणि जे सापडले ते आपल्यापुढे ठेवावेसे वाटले.

*

हृदय आणि मन यांचे नाते आपल्याकडे नवे नाही. आयुर्वेदाने हृदय हेच चेतनेचे स्थान मानले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात कोणत्या बाबतीत कोणती गोष्ट अग्रगण्य, याची एक मोठी यादी आहे. त्यात रोग वाढवणाऱ्या गोष्टींत पहिला मान दिला आहे तो विषादाला. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावही विषादाचेच. तिथे अर्जुन आपला विषाद सांगतो तो शरीराच्या भाषेत. तोंडाला कोरड पडली, अंगाला कापरे सुटले, त्वचेचा दाह होतो आहे.

नेपानगरच्या शेजारच्या बऱ्हाणपुरातही या विषयाचे एक पान आहे. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल याच गावी बाळंतपणात वारली. तापीच्या पलीकडे झैनाबादला तिला आधी पुरले आणि काही महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला. तोवर शहाजहानच्या दाढीत मोजकेच पांढरे केस होते, या दुःखाने ती झपाट्याने पिकली, असे दरबारी इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. पण हाच शहाजहान पुढे राज्यकारभाराला लागला, त्याने ताजमहाल बांधला आणि तो पस्तीस वर्षे जगला. म्हणजे दुःख कितीही मोठे असले तरी ते आजारच असते असे नाही. शोक करणारा माणूस रडतो आणि कधीतरी पुन्हा उठतो. हाय खाल्लेला माणूस उठत नाही. पुष्कळदा तो रडतही नाही. आपल्या भाषेने या दोहोंसाठी दोन वेगळे शब्द ठेवले, हे मला फार मोलाचे वाटते.

मात्र भाषेने एक चूकही करून ठेवली. ‘हाय खाल्ली’ म्हटले की विषय संपला. त्यावर इलाज असतो, हे त्या शब्दात कुठेच नाही.

*

आधुनिक वैद्यकात हृदय आणि उदासी यांची गाठ पडली, तिचा एक धागा थेट मुंबईतून जातो. सर्पगंधा ही आपल्या सह्याद्रीच्या रानातही सापडणारी वनस्पती. बिहारकडे तिच्या मुळीला ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या बंगाली वैद्यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर ती उपयोगी पडते, असे लिहिले. पण जगाचे लक्ष वेधले ते मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा त्यांचा अनुभव १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने या मुळीतून ‘रेसरपिन’ हे द्रव्य वेगळे काढले. त्याची गोळी जगभर खपू लागली. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या मानकऱ्यांत नेथन क्लाइन होते, ज्यांनी हीच सर्पगंधा मनोरुग्णांसाठी वापरली होती. एकाच मुळीचा हृदयासाठी आणि मनासाठी असा दुहेरी गौरव!

पण गंमत पुढेच आहे. १९५४ मध्ये एडवर्ड फ्रीस या अमेरिकन डॉक्टरांनी लिहिले, की दीर्घकाळ मोठ्या मात्रेत रेसरपिन घेणारे रक्तदाबाचे काही रुग्ण खोल उदास होतात. रक्तदाब उतरला, पण माणूसही उतरला! रेसरपिनमुळे मेंदूतले सेरोटोनिन घटते, हेही लवकरच प्रयोगशाळेत दिसले. उदासीचे मूळ मेंदूतल्या रसायनांत असावे, या तर्काला त्यातून बळ मिळाले. क्षयाच्या औषधामुळे रुग्ण उत्साही झालेले दिसले, १९५७ मध्ये इमिप्रामिनचा गुण नोंदला गेला, आणि नैराश्यावर गोळी असू शकते ही कल्पना रुजली.

या कथेला दुसरी बाजूही आहे. १९५५ मध्येच लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातल्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांना रेसरपिन देऊन पाहिले, तर त्यांना उलट बरे वाटले. त्या प्रयोगाकडे फारसे कुणी पाहिले नाही. रेसरपिनमुळे नैराश्य येते हे मत जेवढे पक्के धरले गेले तेवढा पुरावा त्याला नव्हता, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले. सेरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य, हे सोपे समीकरणही आज पुरेसे मानत नाहीत.

मला यातून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. हृदयाचे औषध देणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहिले, म्हणून त्यांना काहीतरी दिसले. त्यांनी काढलेला निष्कर्ष कदाचित घाईचा असेल, पण पाहणे बरोबर होते.

*

उदासी आली की हृदय खरेच थकते का? १९३७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या मनोरुग्णालयांच्या नोंदी तपासताना बेंजामिन मॅल्झबर्ग यांना आढळले, की विषण्णतेच्या रुग्णांत हृदयविकाराने होणारे मृत्यू इतर लोकांच्या मानाने फार जास्त आहेत. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे ही बाब बाजूलाच पडून राहिली.

मग १९९३ साली, म्हणजे अण्णांना झटका आला त्याच्या आदल्याच वर्षी, कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी झटक्यातून वाचलेल्या २२२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इस्पितळात असतानाच त्यांच्या मनःस्थितीची रीतसर विचारपूस केली होती. जवळजवळ सहांतल्या एकाला नैराश्य होते. सहा महिन्यांत नैराश्य असलेल्यांपैकी १७ टक्के मरण पावले, नसलेल्यांपैकी ३ टक्के. आपल्या आजीपणजीने ‘वर्षभरात आटोपले’ म्हटले, त्याचा हा आकड्यातला दाखला.

असे का होते, याची उत्तरे दोन बाजूंनी मिळतात. एक बाजू शरीराची. ताणाची संप्रेरके चढी राहतात, रक्तातल्या गोठण कणिका चटकन एकमेकींना चिकटतात, शरीरात बारीक दाह चालू राहतो. दुसरी बाजू रोजच्या वागण्याची. उदास माणूस गोळ्या चुकवतो, चालायला जात नाही, सोडलेली विडी पुन्हा ओढतो, तपासणीची तारीख टाळतो. तो हे आळसाने करत नाही. जगण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे त्याला मनातून वाटत असते. २००४ मध्ये ५२ देशांतल्या लोकांवर झालेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासात धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह यांच्या पंक्तीला मानसिक ताण आणि उदासीलाही जागा मिळाली. त्याच अभ्यासात असेही दिसले, की आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरांच्या सुमारे सहा वर्षे आधी. म्हणजे ऐन संसारात, मुलांची शिक्षणे आणि कर्जाचे हप्ते चालू असताना. हाय खायला कारणांची कमतरता नाही.

*

मग इलाजाचे काय? जुन्या पद्धतीची नैराश्याची औषधे हृदयाचे ठोके बिघडवू शकत, म्हणून हृदयरोग्याला ती द्यायला डॉक्टर कचरत. ती कोंडी २००२ मध्ये सुटली. झटका किंवा तीव्र हृदयशूळ येऊन गेलेल्या ३६९ रुग्णांवर सर्ट्रालिन या नव्या औषधाची चाचणी झाली. हृदयाला अपाय झाला नाही, आणि ज्यांचे नैराश्य तीव्र किंवा पुन्हा पुन्हा येणारे होते त्यांना चांगला गुण आला. (ही औषधे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर घेतली तर रक्तस्राव थोडा वाढू शकतो. म्हणून हृदयाच्या डॉक्टरला आणि मनाच्या डॉक्टरला एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवाव्यात, आणि गोळ्या आपल्या मनाने सुरू किंवा बंद करू नयेत.)

पुढच्याच वर्षी अमेरिकेत २,४८१ रुग्णांवर समुपदेशनाचा मोठा प्रयोग झाला. त्याचा निकाल प्रामाणिकपणे सांगायला हवा. उदासी कमी झाली, एकटेपणाही थोडा हटला, पण दुसरा झटका किंवा मृत्यू टळण्यात फरक दिसला नाही. पुढे २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या ३०० रुग्णांच्या अभ्यासात थोडी आशा दिसली. नैराश्यावर २४ आठवडे औषध घेतलेल्यांपैकी ४०.९ टक्क्यांना पुढच्या आठेक वर्षांत हृदयाची मोठी दुखणी किंवा मृत्यू आला, नुसती दिसायला तशीच गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण ५३.६ टक्के होते. तिथेही एकूण मृत्यूंत स्पष्ट फरक नव्हता.

म्हणजे नैराश्यावर उपचार केल्याने आयुष्य वाढतेच, असे आज छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण मी उलट विचारतो. पाय मोडला तर ‘प्लास्टर घातल्याने आयुष्य वाढेल का’ असे आपण विचारतो का? अण्णांची ती शेवटची दीड-पावणेदोन वर्षे व्हरांड्यातल्या खुर्चीत गेली. वर्षे तेवढीच राहिली असती, पण त्यांनी सकाळी कागद चोळून ‘आमचाच आहे’ म्हटले असते, तर तो इलाज वाया गेला असे मावशी म्हणाली असती का?

*

पणजीत जुन्या सचिवालयाच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. आडवी झालेली स्त्री आणि तिच्यावर हात पसरून उभा असलेला तो धिप्पाड पाद्री. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ पासून तिथे आहे. कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेल्या या गोंयकाराने पॅरिसमध्ये लोकांना सांगितले, की संमोहनाची निद्रा कुठल्या चुंबकीय द्रवाने येत नाही, ती त्या माणसाच्या स्वतःच्या मनातून येते. दुसऱ्याचे शब्द तिला फक्त जागे करतात. दोनशे वर्षांनी त्याच्याच गोव्यात शब्दांच्या सामर्थ्याचा आणखी एक प्रयोग झाला, तोही कुठलेही गूढ नसलेला.

गोव्यातली ‘संगाथ’ ही संस्था १९९६ पासून काम करते. मनोविकारतज्ज्ञ मूठभर आणि रुग्ण हजारो, मग करायचे काय, हा तिचा प्रश्न. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांना आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी हे लोक सहा ते आठ वेळा बोलले. काय बोलले? माणसाने टाकून दिलेले एखादे आवडते काम कोणते, ते शोधायचे, आणि बरे वाटायची वाट न पाहता त्याचा एक लहानसा तुकडा पुन्हा सुरू करायचा. देवळापर्यंत चालत जाणे, परसातल्या झाडांना पाणी घालणे, एवढेसुद्धा चालते. तीन महिन्यांनी या लोकांपैकी ६४ टक्क्यांचे नैराश्य ओसरले होते, नेहमीच्या उपचारांतल्या ३९ टक्क्यांच्या तुलनेत. हीच पद्धत पुढे मध्य प्रदेशात, भोपाळजवळच्या सिहोर जिल्ह्यात, आशा कार्यकर्त्यांना शिकवायचे काम याच संस्थेने हाती घेतले. म्हणजे गोव्यात घडलेली गोष्ट अण्णांच्या राज्यात पोचली. त्यांच्यासाठी बरीच वर्षे उशिरा, एवढेच.

हे प्रयोग खास हृदयरोग्यांवरचे नव्हते. पण हृदय आणि मन यांना एकाच छपराखाली आणता येते, हे २०१० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात दिसले होते. तिथे मधुमेह किंवा हृदयरोगाच्या जोडीला नैराश्य असलेल्या २१४ रुग्णांवर चाचणी झाली आणि त्यांतल्या निम्म्यांमागे नर्स लागली. साखर, रक्तदाब, कोलेस्ट्रॉल आणि मन, चारींची चौकशी तीच करी. वर्षभरात चारही सुधारले.

*

आता माझे. स्टेंट बसल्यावर घरी सोडताना मला एक छापील कागद मिळाला. मीठ किती, तेल कुठले, जिने कधी चढायचे, सगळे होते. मन हा शब्द त्यात नव्हता. पुढच्या तीन भेटींतही कुणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. काय सांगणार? दुखत काहीच नव्हते. ऑफिसात फाईल उघडून तासभर तेच पान पाहत बसायचो. हे लिखाणही थांबले होते. घरचे म्हणत, ‘एवढे मोठे दुखणे, वाटायचेच असे.’ मलाही ते पटत होते. इथेच आपण फसतो. वाटणे साहजिक आहे, म्हणून त्यावर उपचार नको, असे आपण ठरवून टाकतो.

एका रविवारी मावशीचा फोन आला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, रावेरला मुलाकडे असते. गोळ्या, पथ्य, झोप वगैरे काही तिने विचारले नाही. माझ्याशी ती अजून कोकणीतच बोलते. म्हणाली, ‘पेपर वाचता मू रे?’

मला उत्तर देता आले नाही. कारण महिन्याभराचे पेपर टेबलाखाली घडी न मोडता पडले होते.

नंतर वाचताना कळले, की २००८ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने हृदयरोग्यांना विचारण्यासाठी दोन प्रश्न सुचवले आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का? आणि उदास, निराश वाटते आहे का? मावशीने त्यातला पहिला प्रश्न विचारला होता. शाळा सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या मावशीला तो कुठल्या नियतकालिकातून मिळाला नव्हता. तो तिला अण्णांच्या व्हरांड्यातून मिळाला होता.

दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांना सांगितले. त्यांनी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. एक गोळी सुरू झाली आणि दर आठवड्याला बोलणे. पहिला गृहपाठ मिळाला तो असा, की रोज वर्तमानपत्राचे एक पान वाचायचे. हसू येईल, पण पहिले आठ दिवस तेही डोंगर चढण्यासारखे होते. आज पाच महिने झाले. पूर्ण बरा झालो असे म्हणत नाही. पण हा लेख लिहिला आहे, हे आपण पाहतच आहात.

नेपाच्या कारखान्याची यंत्रेही नूतनीकरणासाठी कित्येक वर्षे बंद राहून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्याचे वाचले, तेव्हा अण्णांची आठवण आली.

वाचकहो, आपल्या घरी, शेजारी, ऑफिसात कुणाची बायपास किंवा अँजिओप्लास्टी झाली असेल, तर भेटायला जाताना शहाळे न्या, जरूर न्या. पण ‘आता कसे वाटते’ हा नेहमीचा प्रश्न विचारून परतू नका. त्याचे उत्तर ‘बरे आहे’ असेच येते. त्याला पूर्वी जे आवडायचे त्याचे नाव घेऊन विचारा. भजनाला जाता का? गळ टाकायला गेला होता का? आणि उत्तर ‘नाही’ आले, दोन आठवडे झाले तरी ‘नाही’च येत राहिले, तर त्याच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. तेही जमत नसेल तर सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६.

‘हाय खाल्ली’ हा शब्द मला भाषेतून घालवायचा नाही. फार अचूक शब्द आहे तो. फक्त त्यापुढचे ते ठरलेले वाक्य आता बदलावे, असे वाटते. हाय खाल्ली? मग चला, डॉक्टरकडे जाऊ.